कान फुटला होता

माझ्या वडिलांना, नानांना, रात्री झोप लागत नसे. ही तक्रार मी डॉक्टर होण्याच्या कितीतरी आधीची. आईच्या बोलण्यात ती 'यांचं जागरण' या नावाने येई आणि घरात तिच्याकडे पावसाळ्यातल्या ओलीकडे पाहावे तसे पाहिले जाई. असतेच, त्याला काय करायचे? मी एमबीबीएस होऊन दवाखाना थाटला तेव्हा नाना निवृत्तीकडे झुकले होते. रक्तदाब वाढलेला निघाला, त्यावर गोळी सुरू केली. पुढे आई गेल्यावर जागरण वाढले, तेव्हा अल्प्राझोलामची अर्धी गोळी मीच लिहून दिली. अर्धीची एक कधी झाली हे माझ्याही ध्यानात राहिले नाही. ज्येष्ठांना ही गोळी दीर्घकाळ देऊ नये, तोल जातो, विसराळूपणा वाढतो, हे मी इतरांच्या मुलांना बजावून सांगत असे.

नानांच्या आणखी काही तऱ्हा होत्या. दिवाळीचे चार दिवस ते मुंबईत थांबत नसत; कोकणातल्या घराची कौले पाहायची म्हणून निघून जात. फटाक्यांविषयी त्यांची मते कडक होती आणि ती प्रदूषणाची चर्चा सुरू होण्याच्या फार आधीपासूनची होती. रस्ता ओलांडताना ते आम्हा मुलांची मनगटे इतकी घट्ट धरत की पलीकडे पोहोचल्यावर बोटांचे वळ दिसत. मी वैद्यकीय महाविद्यालयात जाऊ लागले तरी हा प्रकार थांबला नाही. मैत्रिणींसमोर मला त्याची लाज वाटे, आणि एकदा मी हात हिसडून सोडवून घेतला होता, तेही आठवते.

तीन-चार वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात माझ्या मुलाने 'द वर्ल्ड ॲट वॉर' या मालिकेच्या डीव्हीडींचा संच घरी आणला. दुसऱ्या महायुद्धावरची ही २६ भागांची मालिका ब्रिटनच्या थेम्स टेलिव्हिजनने जेरेमी आयझॅक्स यांच्या निर्मितीखाली तयार केली. ती ३१ ऑक्टोबर १९७३ पासून ८ मे १९७४ पर्यंत तिकडे दाखवली गेली. शेवटचा दिवस युरोपातील युद्धसमाप्तीचाच दिवस होता. निवेदन लॉरेन्स ऑलिव्हिए यांचे, संगीत कार्ल डेव्हिस यांचे. आरंभीच्या नामावलीत ज्वाळांमध्ये माणसांचे चेहरे विरत जातात. मालिकेतील प्रत्यक्षदर्शींमध्ये अल्बर्ट स्पिअर, अॅडमिरल डोनिट्झ, ईडन, माउंटबॅटन अशी मोठी नावे आहेत. पण खरी मालिका उभी आहे ती साध्या माणसांवर. गृहिणी, खलाशी, पायदळातले जवान, तळघरात रात्री काढलेल्या बायका. चित्रीकरण झाले तेव्हा युद्ध संपून तीसही वर्षे झाली नव्हती. ही माणसे पन्नाशी-साठीत, म्हणजे आज मी आहे त्या वयाच्या आसपास होती. बोलता बोलता ती मध्येच थांबतात, आणि कॅमेराही थांबून राहतो. आजच्या दूरचित्रवाणीला इतका धीर राहिलेला नाही.

मुलगा दोन भाग पाहून आपल्या कामाला लागला. नाना मात्र बसून राहिले. ते तेव्हा ८५ वर्षांचे होते. इंग्रजी उत्तम, पोस्टाच्या नोकरीत हयात गेलेली. रात्री दवाखाना आटोपून मी साडेनऊला घरी येई, जेवण होई, आणि मग रोज एक भाग असा आमचा नेम सुरू झाला. डॉक्टर म्हणून मनात शंका होती. निजण्यापूर्वी पडदा पाहू नका, उत्तेजक दृश्ये टाळा, हे मी रोज दहा जणांना सांगते. पहिलाच भाग फ्रान्समधील ओरादूर-सुर-ग्लान या उजाड गावापासून सुरू होतो. १० जून १९४४ रोजी तिथे जर्मन सैनिक आले आणि काही तासांत सहाशेहून अधिक माणसे मारली गेली. ते गाव तसेच भग्नावस्थेत राखून ठेवले आहे. हे पाहून नाना रात्रभर तळमळतील असे मला वाटले. सकाळी रक्तदाब मोजला, तर नेहमीइतकाच होता. म्हणून नेम चालू ठेवला.

चौथा भाग १९४० सालच्या एकाकी ब्रिटनचा. त्यात लंडनवरच्या हवाई हल्ल्यांच्या वेळचा भोंगा वाजतो. तो चढता-उतरता सूर सुरू झाला आणि नाना उठले. मला वाटले लघवीला गेले असतील. प्रोस्टेटचा त्रास होताच. दहा मिनिटांनी पाहिले तर ते स्वयंपाकघरात दिवा न लावता उभे होते. 'काही नाही, पाणी प्यायला आलो,' म्हणाले. पेला पालथाच होता. मी नाडी पाहिली, ती एकशे दहाच्या घरात होती. हृदयाची लय बिघडली की काय म्हणून दुसऱ्या दिवशी ईसीजी काढला. तो निर्दोष आला आणि मी निश्चिंत झाले. या निश्चिंतीविषयी आज लिहिताना मला संकोच वाटतो.

अकराव्या भागात लेनिनग्राडचा वेढा आहे. १९४१ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये तिथे कामगार नसलेल्यांना आणि मुलांना दिवसाला १२५ ग्रॅम पाव मिळे, आणि त्या पावातही पीठ किती आणि भुसा किती हा प्रश्नच असे. १२५ ग्रॅम म्हणजे किती, हे मी नानांना आमच्या पावाचे काप काढून दाखवले. चारएक काप भरले. नानांनी त्या कापांकडे बराच वेळ पाहिले आणि म्हणाले, 'आमच्याकडे रेशनची रांग होती. पण निदान तांदूळ मिळायचा.' रेशनच्या रांगेचा उल्लेख त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकत होते. पुढे काही बोलले नाहीत. मीही विचारले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळचे रुग्ण होते.

बारावा भाग जर्मनीवरच्या बॉम्बफेकीचा आहे. १९४३ च्या जुलैमध्ये हॅम्बुर्गवर जी आग उसळली, तिने सुमारे चाळीस हजार माणसे घेतली. रस्त्यात गर्दी, धूर, धावणारी माणसे. भाग संपला, नामावली वर सरकू लागली, आणि नाना पडद्याकडेच पाहत म्हणाले, 'मी तिचा हात सोडला होता.'

नानांचे लहानपण माझगावच्या चाळीत गेले, हे मला ठाऊक होते. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकीन' या जहाजाचा स्फोट झाला, हेही प्रत्येक मुंबईकराला थोडेफार ठाऊक असते. जहाजात सुमारे चौदाशे टन स्फोटके होती, कराचीत चढवलेल्या कापसाच्या गासड्या होत्या आणि सोन्याच्या विटाही होत्या. दुपारी कापसाला आग लागली. चार वाजून गेल्यावर पहिला स्फोट झाला आणि अर्ध्या तासाने दुसरा. शिमल्याच्या भूकंपमापकावर त्याची नोंद झाली. मृतांचा आकडा आठशेपासून तेराशेपर्यंत निरनिराळा सांगितला जातो. आग विझवायला गेलेले ६६ अग्निशमन जवान त्यात गेले, आणि त्यांच्या स्मरणार्थ आजही देशभर १४ एप्रिलपासून अग्निशमन सप्ताह पाळतात. युद्धकाळ असल्यामुळे बातमीवर सेन्सॉरचा हात होता आणि ती वर्तमानपत्रांतून मोकळेपणी यायला काही आठवडे लागले. शहराने जी गोष्ट पाहिली, ऐकली आणि अंगावर झेलली, ती छापून मात्र आली नाही. आमच्या नातेवाइकांत या स्फोटाचा विषय निघाला की हटकून सोन्याच्या विटांचा निघे. कोणाच्या गच्चीवर पडली, कोणी परत केली, कोणी केली नाही. हसणे-खिदळणे होई. आणि नाना तिथून उठून जात. त्यांना गप्पांचे वावडे आहे असे आम्ही समजत असू.

त्या शुक्रवारी दुपारी साडेसात वर्षांचे नाना आणि चार वर्षांची त्यांची बहीण, माझी बेबीआत्या, रेशनच्या रांगेत उभी होती. पहिला आवाज झाला. काचा फुटल्या, माणसे सैरावैरा धावू लागली. जपानी विमाने आली, असे लोक ओरडत होते. आईने बजावले होते की काही झाले तर सरळ घरी यायचे. नाना बहिणीचा हात धरून निघाले, पण गोदीच्या दिशेला आकाशात जो धुराचा डोंगर उभा राहिला होता, तो पाहायला एका वळणावर थांबले. 'घरी गेलो असतो तर दहा मिनिटं पण लागली नसती,' ते मला म्हणाले. 'मी धूर बघत उभा होतो.' तेवढ्यात दुसरा स्फोट झाला. पुढचे त्यांना आठवते ते असे, की आपण जमिनीवर आहोत, ऐकू काही येत नाही, एका हातात तांदळाची रिकामी पिशवी आहे आणि दुसऱ्या हातात काहीच नाही.

आत्या दुसऱ्या दिवशी दुपारी सापडली. माझगावच्या एका कोळणीने तिला उचलून आपल्या घरी नेले होते, मासे-भात भरवला होता आणि कुशीत निजवले होते. तिचा पत्ता शोधत आजोबा पोहोचले तेव्हा ती त्यांना ओळखून रडलीही नाही. त्यानंतर कित्येक महिने ती बोलत नव्हती.

'तुम्हांला कोणी रागावलं का?' मी विचारले.

'नाही,' नाना म्हणाले. 'कोणीच काही बोललं नाही. रागावले असते तर बरं झालं असतं.'

त्या रात्री झोप मला लागली नाही. डोळ्यांपुढे बेबीआत्याचा डावा कान येत होता. आत्याला डाव्या कानाने ऐकू येत नाही. सुमारे वीस वर्षांपूर्वी ती माझ्याकडे तपासायला आली होती तेव्हा मी विचारले होते, 'कधीपासून?' ती म्हणाली, 'लहानपणी कान फुटला होता.' आपल्या भाषेत कान फुटणे म्हणजे कानातून पू वाहणे. दिवसातून दोनदा तरी हा शब्द आमच्या दवाखान्यात कानावर पडतो. मी कानात दुर्बीण घालून पाहिले, पडद्यावर जुना व्रण दिसला, आणि कागदावर लिहिले: बालपणीचा मध्यकर्णदाह, बरा झालेला. आत्याचा कान खरोखरच फुटला होता. तिने शब्दशः सांगितले आणि मी वाक्प्रचार म्हणून ऐकले.

स्फोटाच्या दाबलहरीत शरीराचा जो भाग सर्वांत आधी फाटतो तो कानाचा पडदा. लहान छिद्र बहुधा काही आठवड्यांत आपोआप भरून येते; पण आतल्या कानातील केसासारख्या संवेदनपेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. बहिरेपण पडद्याचे आहे की आतल्या मज्जातंतूंचे, हे सांगायला साधा ट्यूनिंग फोर्क पुरतो. तो माझ्या खणात होता आणि आहे. मी तो त्या दिवशी बाहेर काढला असता तर उत्तर आतल्या कानाकडे बोट दाखवणारे आले असते आणि मग मला आणखी एक प्रश्न विचारावा लागला असता. व्रण दिसला, शब्द जुळला, बाहेर माणसे खोळंबली होती.

पुढच्याच रविवारी मी डोंबिवलीला आत्याकडे गेले. नानांना सांगून गेले. ते 'जा' म्हणाले नाहीत, पण 'नको'ही म्हणाले नाहीत. आत्याने चहा केला आणि मी विषय काढला, तेव्हा ती अजिबात चकित झाली नाही. 'हात त्याने नाही सोडला,' ती म्हणाली. 'मीच सोडवून घेतला. माझी बांगडी पडली होती, ती उचलायला.' हिरवी काचेची बांगडी होती म्हणे. मी विचारले, हे नानांना कधी सांगितले का? ती म्हणाली, 'त्याने कधी विचारलं नाही. मला वाटायचं, तो माझ्यावर रागावला आहे, म्हणून बोलत नाही त्याविषयी.'

मी हे वर्तमान उत्साहाने नानांकडे आणले. पंच्याऐंशी वर्षांच्या माणसाच्या खांद्यावरचे ओझे एका वाक्यात उतरवता येईल, अशी माझी भाबडी समजूत होती. नानांनी ऐकून घेतले आणि मान हलवली. 'ती चार वर्षांची होती. तिला काय आठवणार?' वैद्यकशास्त्र नानांच्या बाजूने आहे. चौथ्या वर्षीच्या आठवणी तुटक असतात. पुष्कळदा त्या नंतर ऐकलेल्या, कल्पिलेल्या गोष्टींनी भरल्या जातात. पण साडेसात वर्षांच्या मुलाची आठवण अचूक असते असेही कोणी सांगितलेले नाही. दोघांपैकी कोणाचे खरे, हे ठरवणारा साक्षीदार आता उरलेला नाही.

अशा त्रासाला आज नाव आहे. पहिल्या महायुद्धात चार्ल्स मायर्स यांनी १९१५ साली 'लॅन्सेट'मध्ये 'शेल शॉक'विषयी लिहिले. त्यानंतर बरीच नावे आली-गेली. पीटीएसडी हे निदान अमेरिकी मानसोपचार संघटनेच्या वर्गीकरणात १९८० साली समाविष्ट झाले, म्हणजे ही मालिका संपल्यानंतर सहा वर्षांनी. पडद्यावर जी माणसे बोलता बोलता थांबतात, त्यांच्या थांबण्याला तेव्हा पुस्तकात हे नावही नव्हते. नानांना पीटीएसडी होता असे मी म्हणत नाही. निदान मानसोपचारतज्ज्ञाने करायचे असते आणि तिथे जायला नाना तयार नव्हते. पण दचकणे, ठरावीक आवाज टाळणे, रात्रीचे जागेपण, लहानशा गर्दीतही मुलांवर पहारा ठेवणे, हे सारे माझ्यासमोर पन्नास वर्षे होते आणि मी त्याला स्वभाव म्हणत आले.

वाचकांपैकी काहींच्या घरी अशी वृद्ध माणसे असतील. फाळणी, दंगल, भूकंप, महापूर पाहिलेली. गोदीचा स्फोट पाहिलेली आता थोडी. त्यांना समोर बसवून 'सांगाच' असा आग्रह धरू नये. आघाताचा तपशील बळेच वदवून घेतल्याने बरे वाटते, हा समज संशोधनात टिकलेला नाही, आणि काहींना त्याने अपायही होतो. मालिका दाखवली म्हणून माणूस मोकळा होतो असेही नाही. दुसऱ्या एखाद्याला तीच दृश्ये महिनाभर छळतील. विसावा भाग ज्यूंच्या संहाराचा आहे. तो सुरू झाल्यावर पाच मिनिटांत नाना म्हणाले, 'हे मला नको.' मी लगेच बंद केला. तो मी नंतर एकटीने पाहिला. निवृत्तीनंतर, जोडीदार गेल्यावर किंवा स्मृती विरळ होऊ लागल्यावर बालपणीचे आघात पुन्हा वर येतात, हे मात्र घरच्यांनी ध्यानात ठेवावे. आजोबा अलीकडे उगाच घाबरतात, रात्री दाराची कडी चारचारदा तपासतात, असे कोणी सांगितले तर मी आता डिमेन्शियाच्या चाचणीबरोबर ते कुठे वाढले, काय पाहिले, हेही विचारते. त्याला पाच मिनिटे लागतात. रांगेतले लोक घड्याळ पाहतात, पाहोत.

अल्प्राझोलाम मी त्यानंतर कमी करत आणली. एकदम बंद केली तर झटके येण्याचा, झोप पूर्ण उडण्याचा धोका असतो. म्हणून दर दोन-तीन आठवड्यांनी पाव पाव गोळी, असे पाच महिने. जागरण पूर्ण गेले नाही. नाना दोन वाजता उठत, पण आता दिवा लावून बसत. कधी मीही उठून बसे.

मालिकेतले पुढचे भाग आम्ही सावकाश पाहिले. चौदावा भाग ब्रह्मदेशाचा. त्या आघाडीवर १९४३ साली एक जखमी मागे पाठवावा लागे तेव्हा १२० आजारी पाठवावे लागत, असे जनरल स्लिम यांनी आपल्या आठवणींत नोंदवले आहे. हिवताप, आमांश, स्क्रब टायफस. मग मेपाक्रिनची गोळी घेणे हा शिस्तीचा भाग ठरला. ज्या पलटणीच्या तपासणीत ९५ टक्क्यांहून कमी जवानांनी ती घेतलेली आढळे, तिचा प्रमुख बदलला जाई, आणि तीन बदलल्यावर बाकीच्यांना समज आली. सांगितलेली गोळी न घेणारे रुग्ण पाहून मला स्लिम साहेबांचा हेवा वाटतो. भारतीय लष्कर त्या युद्धात २५ लाखांपर्यंत वाढले होते. त्या मानाने या मालिकेत आपल्या माणसांचे आवाज मला फार थोडे वाटले. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळाला, ज्यात सुमारे तीस लाख माणसे गेली, किंवा मुंबईच्या गोदीला स्वतंत्र भाग नाही. ब्रिटनच्या घरगुती आघाडीला मात्र आहे. त्या शिधावाटपाविषयी एक गोष्ट सांगते. तिथे साखरेवरचे नियंत्रण १९५३ च्या सप्टेंबरमध्ये उठले. गर्भावस्थेत आणि पहिल्या दोन वर्षांत ज्यांच्या वाट्याला ते नियंत्रण आले, त्यांना पुढे मधुमेहाचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी कमी राहिला, असे २०२४ साली 'सायन्स'मध्ये आलेल्या अभ्यासात दिसले. हे मी गरोदर सुनांना सांगते आणि त्यांच्या सासवांनाही.

शेवटचा भाग स्मरणाविषयी आहे. तो पाहायला मी आत्याला बोलावले. तिला इंग्रजी फारसे समजत नाही. नाना नेहमीप्रमाणे तिच्या उजव्या हाताला बसले. लग्नाच्या पंगतीत, गाडीत, देवळात, कुठेही ते तिच्या उजवीकडेच बसत, हे त्या दिवशी माझ्या प्रथम लक्षात आले. त्या बाजूचा कान चांगला आहे. पडद्यावर वयस्क माणसे, कोणी पदके लावलेली, कोणी नुसतीच, आपल्या गेलेल्या सोबत्यांविषयी बोलत होती, आणि नाना तिच्या कानाशी वाकून एकेक वाक्य मराठीत सांगत होते. मध्ये एका ठिकाणी ते थांबले. दोन-तीन वाक्ये तशीच निघून गेली. आत्याने त्यांच्याकडे पाहिले, पण काय म्हणाला म्हणून विचारले नाही. मग पुढचे वाक्य आले आणि त्यांनी ते तिला सांगितले.